रुसव्याचे किती पैसे?

जे मोजता येत नाही ते नाण्यांत सांगण्याची मराठी भाषेची जुनी सवय आहे. एखादे बोलणे पूर्णपणे पटले की ते 'सोळा आणे' खरे ठरते. काम अर्धवट झाले की ते 'आठ आणे' झाले असे आपण म्हणतो. 1957 साली दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. पण बोलण्यातले आणे काही गेले नाहीत. सरकारी दप्तरात मात्र 'आणेवारी'ची 'पैसेवारी' झाली. गावाचे पीक रुपयात किती पैसे आले हे महसूल खाते जाहीर करते आणि तो आकडा पन्नासच्या खाली आला की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला टक्केवारी कदाचित परकी वाटेल. पैसेवारी मात्र त्याच्या ओठांवर असते.

हे सारे आठवण्याचे कारण पाचोड. संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, पैठण तालुक्यातले हे गाव बहुतेकांना मोसंबीच्या बाजारामुळे माहीत असते. सामाजिक संशोधन करणाऱ्यांना ते आणखी एका कारणाने ठाऊक आहे. डॉ. अशोक दयालचंद यांनी 1979 साली उभ्या केलेल्या तेथील 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट' या संस्थेच्या कामातून एक मापनपट्टी तयार झाली, आणि तिला गावाचेच नाव मिळाले : 'पाचोड पैसा स्केल'. नंदिता कपाडिया-कुंडू आणि दयालचंद यांनी तिच्यावरचा निबंध 2007 साली 'डेमोग्राफी इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

पट्टीमागची कल्पना ऐकताना इतकी सोपी वाटते की ती आधी कुणाला कशी सुचली नाही, असा प्रश्न पडावा. मनोवृत्ती मोजण्याच्या रूढ पाश्चात्त्य पद्धतीत 'पूर्ण सहमत, काहीसे सहमत, तटस्थ, काहीसे असहमत, पूर्ण असहमत' अशा पायऱ्या असतात. या पायऱ्या मराठीत मोठ्याने वाचून पाहाव्यात. 'काहीसे असहमत' असे आयुष्यात कधी कोणी म्हणाले आहे काय? पाचोडच्या पट्टीने हा जिना बाजूला ठेवला आणि विचारले : रुपयात किती पैसे? अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही पंचाहत्तर पैसे आणि चाळीस पैसे यांतला फरक कळतो, कारण तो तिने आयुष्यभर कनवटीला बाळगलेला असतो. येथे मोजणाऱ्याने आपले माप तिच्या हाती दिलेले नाही. तिचेच माप उसने घेतले आहे.

या पट्टीविषयी आम्हांला कुतूहल वाटण्याचे कारण तसे आमच्या व्यवसायातलेच. आम्ही दोघी मराठी शिकवतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने मागे आमच्याकडे एक मजकूर भाषेच्या दृष्टीने तपासण्यासाठी पाठविला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची भावनिक समज मोजण्याच्या एका परदेशी चित्रकसोटीचे ते मराठी रूपांतर होते. काम चार पानांचे होते. त्याने आमचे चार महिने घेतले.

'भावनिक बुद्धिमत्ता' हा शब्दप्रयोग आता शिक्षकप्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात ऐकू येतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी ही संकल्पना 1990 साली शास्त्रीय परिभाषेत मांडली. डॅनियल गोलमन यांच्या 1995 च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. प्रौढांची ही बुद्धिमत्ता प्रश्नावली देऊन मोजतात. लिहितावाचता न येणाऱ्या, 'तुला स्वतःबद्दल काय वाटते' या प्रश्नावर बोट तोंडात घालणाऱ्या मुलाचे काय करायचे? त्यावर संशोधकांनी बाहुल्या आणि चित्रे हा मार्ग काढला. सुझान डेनहॅम यांच्या 1986 च्या कसोटीत बाहुली एखादा प्रसंग घडवून दाखवते आणि मुलाने तिला आनंदी, दुःखी, रागावलेला किंवा घाबरलेला यांपैकी योग्य तो कापडी चेहरा लावायचा असतो. फ्रान्सिस्को पोन्स आणि पॉल हॅरिस यांच्या कसोटीत प्रसंगचित्रातल्या मुलाचा चेहरा कोरा ठेवलेला असतो. खाली दिलेल्या चेहऱ्यांतून मुलाने एकावर बोट ठेवायचे. आनंद, दुःख, राग, भीती यांच्या जोडीला तेथे पाचवा एक चेहरा आहे. तो म्हणजे 'विशेष काही नाही, ठीक आहे' असे वाटणाऱ्याचा. ही कसोटी आज अनेक भाषांत गेली आहे, आणि देशोदेशींच्या मुलांची तुलनाही तिच्या आधारे होते.

आमची अडचण पहिल्याच शब्दापाशी सुरू झाली. रूपांतरात 'दुःखी' असे लिहिले होते. चार वर्षांचे कोणते मराठी मूल 'मी दुःखी आहे' असे म्हणते? त्याला 'वाईट वाटते', त्याला 'रडू येते', ते 'हिरमुसते', 'खट्टू होते'. यांतले 'हिरमुसणे' अपेक्षाभंगाचे आहे, 'रडू येणे' शरीराचे आहे, आणि 'वाईट वाटणे' हे बहुधा दुसऱ्यासाठी असते. इंग्रजीतल्या एका चेहऱ्याखाली मराठीत चार दारे उघडतात, आणि कोणत्या दाराने आत शिरावे हे प्रसंग ठरवतो. रागाचेही तसेच. मूल चिडते, फणकारते, बिथरते, धुसफुसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, ते रुसते.

रुसणे कोणत्या चेहऱ्याखाली घालावे? त्यात राग आहे आणि दुःखही. पण त्या दोहोंच्या बेरजेतून रुसवा होत नाही. राग निर्जीव वस्तूवर येऊ शकतो, भीती अंधाराची वाटू शकते. रुसावे लागते ते कोणावर तरी. आणि तेही कोणावरही चालत नाही. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसावर मूल रुसत नाही. ते आईवर, आजीवर, क्वचित आवडत्या बाईंवर रुसते. जो समजूत काढायला येईल अशी खात्री आहे त्याच्यावरच रुसता येते. म्हणजे कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलाने कोण आपले आहे, किती आपले आहे आणि किती वेळ ताणले तर तुटणार नाही याचा बराच सूक्ष्म हिशेब केलेला असतो. भावनिक बुद्धिमत्तेचे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी दाखविता येणार नाही. पण त्या कसोटीत त्याला चेहराच नव्हता.

मराठीत काही अद्भुत आहे असे यातून सुचवायचे नाही. जपानी मनोविकारतज्ज्ञ ताकेओ दोइ यांनी 1971 च्या आपल्या पुस्तकात 'अमाए' म्हणजे दुसऱ्याच्या मायेवर हक्काने विसंबणे ही जपानी मनाची किल्ली मानली, आणि रुसण्यासाठीचा जपानी शब्द 'सुनेरु' हा त्याच कुळातला असल्याचे दाखविले. रुसवा इंग्रज मुलालाही येत असेलच. प्रश्न एवढाच, की ज्या भाषेत कसोटी जन्माला आली त्या भाषेने त्याला मोजण्याजोगे मानले नाही, आणि भाषांतराच्या मार्गाने तो आपल्याकडेही मोजण्याजोगा उरला नाही.

पुढे विद्यार्थिनीच्या आग्रहावरून आम्ही तो मजकूर घेऊन पाचोडजवळच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत गेलो. मोजण्यासाठी नव्हे, शब्द मुलांच्या कानाला कसे लागतात ते ऐकण्यासाठी. दिवाळीच्या आधीचे दिवस होते, कापूस वेचणी चालू होती आणि अंगणवाडीत मुले नेहमीपेक्षा कमी होती. साडेचार वर्षांची एक मुलगी आमच्यासमोर बसली. चित्रातल्या मुलीच्या हातातले खेळणे मोडले आहे. तिला कसे वाटले? मुलीने आमच्याकडे न पाहता सेविकाताईंकडे पाहिले. ताई म्हणाल्या, "सांग गं बाळा, मॅडम काही करत नसतात." मुलीने 'बरं' या चेहऱ्यावर बोट ठेवले. चित्रातल्या मुलीच्या मागे कुत्रे लागले आहे, कसे वाटले? पुन्हा 'बरं'. सगळ्या चित्रांना तिने तेच उत्तर दिले. ताई आमची समजूत घालीत म्हणाल्या, "लेकरू हुशार हाय मॅडम, पण नवीन माणसासमोर बोलत नसतंय."

तासाभराने खिचडीचे ताट वाढले गेले. पुढच्या रांगेत जागा मिळाली नाही म्हणून एक मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताईंच्या दोन हाका त्याने परत पाठविल्या होत्या. ती मुलगी आपले ताट उचलून त्याच्याजवळ गेली. काही बोलली नाही, त्याला हात लावला नाही. त्याच्या शेजारी, तिनेही भिंतीकडेच तोंड केले आणि खाऊ लागली. थोड्या वेळाने तो तिच्या ताटातले खाऊ लागला.

कसोटीच्या कागदावर या मुलीच्या नावापुढे जवळजवळ शून्य आले असते.

त्या 'बरं'विषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. मूळ कसोटीत तो चेहरा तटस्थ आहे. भावनांच्या अभावाची ती खूण. मराठीत 'बरं' हा शब्द तटस्थ नाही. 'कसं काय?' या प्रश्नाला 'बरं आहे' हे उत्तर पीक बुडालेला माणूसही देतो, कारण परक्याला आपल्या सुखदुःखाचा भार द्यायचा नाही हा संकेत आहे. शिवाय मोठ्यांची आज्ञा स्वीकारतानाही मूल 'बरं' म्हणते. चार वर्षांच्या मुलीने दोन अनोळखी बायांना दिलेले 'बरं' हे बहुधा अज्ञानाचे उत्तर नव्हते. ते शिष्टाचाराचे होते. भावना ओळखता न येणे आणि ओळखलेली भावना परक्यापुढे न मांडणे या दोन गोष्टी कागदावर एकाच जागी येऊन पडतात. आणि तुलना मात्र त्या कागदांचीच होते.

या गफलतीची जाणीव संशोधकांना नाही असे मानणे अन्यायाचे होईल. मेरी सिसन्स जोशी आणि मोरॅग मॅक्लीन यांनी 1994 साली भारतीय आणि इंग्रज मुलांची अशीच तुलना केली. आत वाटणारे एक आणि चेहऱ्यावर दाखविलेले दुसरे असू शकते, हा भेद कोणाला केव्हा कळतो, हा त्यांचा प्रश्न होता. चार वर्षांच्या भारतीय मुलींना तो भेद त्याच वयाच्या इंग्रज मुलींपेक्षा अधिक चांगला कळत असल्याचे दिसले. पॅमेला कोल आणि बाबू लाल तमांग यांनी 1998 साली नेपाळमध्ये पाहिले, तर एकाच देशातल्या छेत्री-ब्राह्मण मुलांचा कल कडू भावना झाकण्याकडे तमांग मुलांपेक्षा अधिक होता. म्हणजे 'संस्कृती' ही देशाच्या सीमेबरोबर सुरू होत नाही आणि संपतही नाही. ती जातीगणिक, वस्तीगणिक, चुलीगणिक बदलते. पाचोडच्या अंगणवाडीतली मुलगी आणि संभाजीनगरच्या सिडकोतल्या बालवाडीतली मुलगी यांना 'भारतीय मुले' या एका रकान्यात बसविणे हेही एक भाषांतरच आहे.

वाट पाहण्याच्या कसोटीची कथा याहून बोलकी आहे. समोरची एक मिठाई लगेच न खाता थांबलास तर दोन मिळतील, असे मुलाला सांगून त्याचा संयम मोजण्याचा प्रयोग वॉल्टर मिशेल यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केला. आत्मनियमनाची ती जणू जागतिक पट्टी झाली. 2018 साली जर्मनीतल्या मध्यमवर्गीय आणि कॅमेरूनमधल्या न्सो समाजाच्या चार वर्षांच्या मुलांवर तो झाला, तेव्हा जर्मन मुलांपैकी सुमारे 28 टक्के थांबली, न्सो मुलांपैकी जवळजवळ 70 टक्के. त्यांतली काही तर वाट पाहता पाहता झोपी गेली. 2022 साली क्योतो आणि बोल्डर या शहरांतल्या मुलांची तुलना झाली. जपानी मुले खाऊसाठी अधिक वेळ थांबली, अमेरिकन मुले मात्र कागदात गुंडाळलेल्या भेटीसाठी. सर्वांना वाढून होईपर्यंत घास न घेण्याची सवय एका घरात, ठरलेल्या दिवसापर्यंत भेट न उघडण्याची दुसऱ्या घरात. जेवणाआधीचा श्लोक म्हणून होईस्तोवर ताटाला हात न लावणारे आपल्याकडचे मूल कोणत्या गटात जाईल हे सांगायला प्रयोगशाळा नको. संयम मुलाच्या अंगी असतो हे खरे, पण त्याचे वळण घराने पाडलेले असते.

येथपर्यंत आलेला लेख एका सोयीस्कर निष्कर्षाकडे झुकू शकतो : परकीय पट्ट्या फेकून द्या, आमची मुले आमच्या रीतीने शहाणी आहेत. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही, आणि न मानण्याचे कारणही पाचोडमध्येच आहे.

चार वर्षांची मुलगी भावना लपवायला लवकर शिकते, हे तिच्या बुद्धीचे लक्षण आहे. पण ती हे शिकते कशासाठी? आपण तिला 'समजूतदार' म्हणतो. हा शब्द मुलींच्या वाट्याला मुलांपेक्षा लवकर येतो. भावाला मोठा लाडू मिळाला आणि ती गप्प राहिली की ती समजूतदार. दहा वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, तिला विचारले जाते किंवा जातही नाही, आणि ती 'बरं' म्हणते तेव्हाही ती समजूतदारच. पाचोडच्या ज्या संस्थेने पैशांची पट्टी घडविली, तिनेच 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून परिसरातल्या अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालविले. मुलींची लग्ने लवकर होऊ नयेत, हा त्या कामामागचा एक हेतू होता. त्या वर्गांत जे शिकावे लागले त्यात स्वतःला काय वाटते ते ओळखणे आणि बोलणे हेही होते. चौथ्या वर्षी ज्या मौनाला आपण गुण देतो तेच चौदाव्या वर्षी कोणाला तरी प्रयत्नपूर्वक सोडवावे लागते. मुलीचे 'बरं' आमच्या संस्कृतीचा शिष्टाचार आहे असे म्हणून जो मोकळा होतो, त्याने अर्धेच वाचले.

मग एकाच वर्तनाकडे दोन्ही डोळ्यांनी कसे पाहावे? येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला आपल्या फडताळातली एक जुनी वस्तू उपयोगी पडते. नाट्यशास्त्राने आठ स्थायी भावांबरोबर तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले. परीक्षेसाठी त्यांची यादी आपण सर्वांनी पाठ केली आणि विसरलो. त्या यादीत 'अवहित्था' नावाचा एक भाव आहे. अवहित्था म्हणजे मनातला भाव चेहऱ्यावर दिसू न देणे. मानसशास्त्राने जे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत आणले, त्याला भरताच्या परंपरेत स्वतंत्र नाव होते. आणि नाव देऊन ती परंपरा थांबली नाही. अवहित्थेचे विभाव, म्हणजे तिची कारणे, तिने वेगवेगळी सांगितली : लज्जा, भय, पराजय, गौरव, कपट. लपविण्याची क्रिया एक. पण लाजेने लपविणे निराळे, भीतीने निराळे, समोरच्याचा मान राखण्यासाठी निराळे.

आधुनिक कसोटी विचारते : मुलाला भावना लपविता येते का? होय असेल तर एक गुण. काव्यशास्त्र विचारते : कशामुळे लपविली? आजीने प्रेमाने आणलेला फ्रॉक आवडला नाही तरी हसणारी मुलगी आणि बापाच्या आवाजाला घाबरून रडू गिळणारी मुलगी, दोघींना कसोटीत सारखाच गुण मिळतो. पहिलीची अवहित्था गौरवाची आहे. ती दुसऱ्याचे मन जाणते. दुसरीची भयाची आहे, आणि तिला गुण देण्याऐवजी तिच्या घरी जाऊन चौकशी केली पाहिजे. हा भेद ज्या मापात येत नाही ते माप पाश्चात्त्य असो वा देशी, मुलांच्या कामाचे नाही.

पाचोड हे पैठण तालुक्यातले गाव आहे, आणि पैठण ही सातवाहनांची राजधानी. हालाच्या नावावर असलेली महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती याच मुलुखाशी जोडलेली आहे. त्या गाथांत रुसवे आहेत, न बोललेले बोल आहेत, सासरच्या माणसांसमोर झाकलेले चेहरे आहेत. आणि ते ओळखणारा, शब्दांपलीकडचे वाचणारा सहृदय गृहीत धरलेला आहे. कपाडिया-कुंडू यांनी पुढे साधारणीकरणाच्या संकल्पनेवर आरोग्यसंवादाची मांडणी केली, यात आम्हांला म्हणूनच विशेष नवल वाटले नाही. गावात दारोदार माहिती विचारीत फिरणाऱ्याला सहृदयाची गरज आस्वादकापेक्षा कमी नसते.

मोजूच नये, असे म्हणणाऱ्यांतल्या आम्ही नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी दप्तरात जागा नसते आणि पैसाही नसतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 साली सुरू झाली. तेव्हापासून अंगणवाडीत मुलाचे वजन नोंदले जाते, म्हणूनच कुपोषण हा सार्वजनिक प्रश्न झाला. 'असर'च्या 2019 च्या बालवयाविषयीच्या पाहणीत 24 राज्यांतल्या 26 जिल्ह्यांतली चार ते आठ वर्षांची सुमारे 37 हजार मुले होती, आणि अक्षर-अंकांच्या जोडीला भावना ओळखण्याचे प्रश्नही त्यात होते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आणि सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. या दिशेने पुढे गेल्यास साडेचार वर्षांच्या मुलांच्या भावनांपुढेही कोणी तरी खुणा करणार आहे. म्हणून खूण कशी करायची, कोणत्या शब्दांत आणि कोणी, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे.

आपल्याकडे मुलांच्या कसोट्या बहुधा भाषांतरातून आल्या. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाडला बिने-कसोटी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. 1940 साली त्यांचे त्यावरचे पुस्तक आले. त्या काळी ते मोठेच काम होते, आणि कामतांनी नुसते शब्द बदलले नाहीत, प्रश्नही बदलले. पण प्रवासाची दिशा एकच होती : माप तिकडून, मुले इकडची. पाचोडच्या पट्टीने ही दिशा उलटवून दाखविली, हे तिचे मोल. मात्र ती पट्टी प्रौढांची आहे. चार वर्षांच्या मुलाला रुपयातले पैसे कळत नाहीत. शिवाय 2011 साली पंचवीस पैशांपर्यंतची नाणी चलनातून गेल्यावर आजच्या मुलांनी पैसा पाहिलेलाही नाही.

मग मुलाचे स्वतःचे माप कोणते? ते आपण रोज पाहतो. 'किती आवडते?' असे विचारले की मूल दोन्ही हात ताणून 'एवढं!' म्हणते. चिमूट, मूठ, ओंजळ, कवेत मावेल एवढे, आभाळाएवढे. मुलाची मोजपट्टी त्याच्या शरीराची असते. त्याचा प्रसंग भातुकलीत असतो, आणि त्याचा परिचित माणूस म्हणजे रोज खिचडी वाढणाऱ्या ताई. तारा���ाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे केले त्याचे सूत्र हेच होते. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यावी. ती गुरे राखायला जातात, तर कुरणात न्यावी. शाळा अंगणात जाऊ शकते, तर कसोटीलाही जाता आले पाहिजे. अनोळखी बाईने वीस मिनिटांत घेतलेल्या उत्तरांपेक्षा ओळखीच्या ताईने महिनाभर ठेवलेल्या नोंदीत भिंतीकडे तोंड करून बसलेली ती दोन मुले सापडण्याची शक्यता अधिक आहे. अर्थात, त्यासाठी ताईंच्या डोईवरच्या नोंदवह्या आधी कमी कराव्या लागतील, आणि त्यांच्या निरीक्षणाला मानधनापलीकडचा मान द्यावा लागेल.

विद्यार्थिनीला आम्ही मजकूर परत पाठविला तेव्हा 'दुःखी'च्या जागी 'वाईट वाटलं' सुचविले, 'बरं' काढून टाकायला सांगितले, आणि समासात लिहिले की रुसव्यासाठी एक चेहरा हवा. तिने विचारले की तो चेहरा काढायचा कसा? प्रश्न रास्त होता. रुसलेल्या मुलाचा चेहरा दिसतच नाही. दिसते ती पाठ. आणि पाठीकडे पाहून ओळखायचे असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यात करण्याजोगे एक काम आहे. मुलांच्या भावनांचे मराठी शब्द अजून कोणी बोलीनिहाय नीट गोळा केलेले आम्हांला दिसले नाहीत. वऱ्हाडात, कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात लेकरू रुसते तेव्हा आजी काय म्हणते, त्या प्रत्येक शब्दात कोण कोणावर रुसू शकतो, समजूत कोणी काढायची असते, मुलीच्या रुसव्याला आणि मुलाच्या रुसव्याला एकच शब्द आहे की दोन, हे टिपून ठेवता येईल. त्याला अनुदान लागत नाही. वही लागते आणि आजी हयात असावी लागते. उद्या कसोट्या करणारे आले तर त्यांना देण्यासाठी आपल्याजवळ काही असेल.

आणि गुणांकनाचे म्हणाल, तर महसूल खात्याच्या रीतीत एक शहाणपण आहे. पैसेवारी एकदाच ठरत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर अंतिम. उभ्या पिकाकडे पाहून अंतिम आकडा सांगू नये हे तलाठ्यालाही माहीत असते. चार वर्षांच्या मुलाविषयी आपण जे काही लिहू त्याच्या डोक्यावर 'नजरअंदाज' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असावा.